वाइंडिंगच्या बायकांचा दाखला

परवा सातपूरच्या भाजीबाजारात जुन्या कंपनीतली एक बाई भेटली. तिने सांगितलं, आपले पर्सनलचे साहेब निवृत्त झाले, मोठा समारंभ झाला आणि भाषणात ते म्हणाले, "लाइन बंद केली तेव्हासुद्धा मी बायकांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांना क्लास दिला, दाखले दिले, दुसरीकडे कामाला लावून दिलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. ती मोठ्या कौतुकाने सांगत होती आणि मी मेथीची जुडी नुसती उलटीसुलटी करत राहिले. मला जागच्या जागी बोलता येत नाही. घरी आल्यावर सगळी उत्तरं सुचतात, तशी त्या दिवशीही सुचली. म्हणून वही काढली.

साहेब खोटं बोलले नाहीत. क्लास झाला आणि दाखलेही मिळाले. पण ते त्यांनी दिले असं मी म्हणणार नाही. आणि त्यातून कंपनीचं काय भलं झालं हे त्यांनी भाषणात सांगितलं नसणार. ते मी लिहिते.

मी कळवणकडच्या खेड्यातली. गावात शाळा चौथीपर्यंत होती म्हणून चौथी शिकले, सातवीपर्यंत असती तर सातवी झाले असते. लग्न होऊन नाशिकला सातपूरला आले तेव्हा तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या बायकांना कामावर घ्यायला लागल्या होत्या. बायकांची बोटं बारीक, बायका तंबाखू खायला उठत नाहीत, असं ते म्हणायचे. आमची कंपनी विजेच्या पॅनेलमधले रिले बनवायची. प्रत्येक रिलेच्या पोटात एक कॉइल असते. ती कॉइल आम्ही तेवीस बायका करायचो. त्या कामाला वाइंडिंग म्हणतात.

कॉइल म्हणजे काय, तर बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या बॉबिनवर तांब्याची तार गुंडाळायची. तार केसाहून बारीक आणि वेढे हजारो. बॉबिन मशीन फिरवतं, वेढेही मशीनच मोजतं, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की बाई नुसती पायाने पेडल दाबते. पण तार रिळावरून येते ती नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, दोन तुकड्यांमधून येते, आणि तो नमदा स्क्रूने किती आवळायचा हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. जास्त आवळला तर तार ताणून बारीक होते. इथे मीटरवर कॉइल पास होते आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन सहा महिन्यांनी जळते. सैल सोडला तर बॉबिन फुगते आणि रिलेच्या खाचेत बसत नाही. पौष महिन्यात सकाळी पहिल्या तासाला तार फार तुटायची. तेव्हा आम्ही रिळं टेस्टिंगच्या मीटरच्या डोक्यावर ठेवायचो, कारण तो मीटर कायम कोमट असायचा. हेही आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

नवीन रीळ आलं की मी तारेचं टोक खालच्या ओठावरून हळूच ओढून बघायचे. तारेवर वार्निश असतं. त्याला कुठे फोड आला असला तर बोटाला समजत नाही, कारण काम करून बोटं निबर होतात. ओठाला समजतं. मी नको म्हटलेलं रीळ सुपरवायझर परत पाठवायचा, तेही न विचारता.

हे सगळं अंगात यायला मला दीड वर्ष लागलं. पुढे दहा वर्षं मी तेच केलं, सात जणींना शिकवलं. आणि हजेरीच्या कार्डावर नावापुढे काय होतं? हेल्पर. तेवीसच्या तेवीस जणी हेल्पर. पलीकडे प्रेसवर पुरुष होते. ते पत्रा ठेवायचे, बटण दाबायचे आणि पत्रा काढायचे. ते ऑपरेटर. कामाला लागलो तेव्हा कुणीतरी हेल्पर लिहिलं आणि ते कुणी बदललं नाही. आम्हीही म्हटलं नाही की बदला.

मग एका सोमवारी साहेबांनी आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि सांगितलं, वाइंडिंगची लाइन दुसऱ्या राज्यात जाणार, तिकडे करात सूट आहे. चार महिने काम चालेल, मग बंद. काही जणी तिथेच रडायला लागल्या. माझ्या शेजारच्या मशीनवर पेठ तालुक्याकडची एक बाई होती. आम्ही एकाच आळीत राहायचो आणि रोज बरोबर चालत यायचो. ती रडली नाही. ती म्हणाली, "आमच्याकडं भात कापून झाला की माणसं उठून नाशकाला येत्यात. आता नाशिकच उठून चाललं, साहेब. आम्ही कुठं जायचं?"

साहेब म्हणाले, "तेच सांगतोय. हेड ऑफिसने तुमच्यासाठी आउटप्लेसमेंट ठरवलंय."

"ते काय आसतंय?"

"दुसरीकडे काम मिळवायला कंपनी तुम्हाला मदत करणार. पुण्याहून एक मॅडम येतील."

आम्ही त्याला मॅडमचा क्लास म्हणायला लागलो. मॅडम आठवड्यातून दोन दिवस यायच्या, गंगापूर रोडला कुणा नातेवाइकांकडे उतरायच्या आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कॅन्टीनमध्ये आमचा क्लास घ्यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी एकेक फॉर्म वाटला. त्यात एक ओळ होती, आतापर्यंत केलेलं काम. आम्ही सगळ्यांनी लिहिलं किंवा लिहून घेतलं, हेल्पर. खाली होतं, तुम्हाला काय काय येतं. तिथे कुणी लिहिलं स्वयंपाक, कुणी शिवण, कुणी मांडे, कुणी भजनाची चाल. तेवीस फॉर्म आणि कॉइलचं नाव एकावरही नाही. मॅडमनी फॉर्म वाचले आणि डोक्याला हात लावला. म्हणाल्या, "अहो ताई, दहा वर्षं तुम्ही इथे मांडे लाटत होतात का?"

तेव्हा हसलो. पण मी घरी जाताना विचार करत होते, की मला हे लिहायचं सुचलं का नाही? कार्डावर जे लिहिलंय तेच आपण, असं मीही धरून चालले होते.

पुढच्या वेळी मॅडमनी इंटरव्ह्यूची तालीम घेतली. त्या साहेब झाल्या आणि एकेकीला समोर बोलवून विचारू लागल्या, "आम्ही तुम्हालाच का कामावर घ्यावं?"

जुन्या नाशकातली एक बाई आमच्यात सगळ्यांत शिकलेली, दहावी. ती हात जोडून म्हणाली, "आपली मर्जी, साहेब."

"मर्जी नाही म्हणायचं, ताई. कारण सांगायचं."

मग पेठची गेली. तोच प्रश्न. ती म्हणाली, "नका घेऊ. आम्ही काय पाया पडाया आलो?"

कॅन्टीनमधला आचारीसुद्धा बाहेर येऊन हसायला लागला. मॅडम म्हणाल्या, "ह्या दोघींच्या मधलं काहीतरी पाहिजे."

माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघेना. मॅडमनी दोनदा विचारलं, मग त्या म्हणाल्या, "बरं, सांगू नका. चला, करून दाखवा." त्या माझ्याबरोबर सेक्शनमध्ये आल्या, स्टुलावर बसल्या आणि माझ्या प्रत्येक हालचालीवर विचारत राहिल्या. हे रीळ मीटरवर का ठेवलं? स्क्रू आत्ता का फिरवला? तार ओठाला का लावली? करता करता मला बोलता आलं. त्या लिहीत गेल्या. आठ दिवसांनी त्यांनी माझा बायोडाटा टाइप करून आणला. पानभर होता. मी तो वाचला आणि वाटलं, ही बाई कोण आहे, हिला एकदा भेटलं पाहिजे.

असे त्यांनी सगळ्यांचे करून दिले. हे त्यांचं काम मी कधी नाकारणार नाही.

मग अंबडच्या वसाहतीतल्या एका कंपनीत आम्हा पाच जणींचं बोलणं ठरलं. तिथेही कॉइलचंच काम होतं. आम्ही बसने गेलो. तिथल्या साहेबांच्या काचेच्या खोलीबाहेर पाचही जणींनी चपला काढल्या. आमच्या सेक्शनमध्ये धूळ चालत नाही म्हणून चपला दाराबाहेरच असायच्या. इतक्या वर्षांत पायांना तीच सवय. तिथला शिपाई पाच जोड बघून म्हणाला, "देवळात आलात काय, मावशी?"

पेठची म्हणाली, "देवळात निदान प्रसाद तरी भेटतो. इथं काय भेटतंय बघू."

काही भेटलं नाही. तिथल्या साहेबांनी माझा बायोडाटा वाचला, दोनदा वाचला, आणि त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी कंपनीचा दाखला मागितला. आमच्या साहेबांनी इंटरव्ह्यूसाठी सगळ्यांना तो आधीच करून दिला होता. त्यात एकच ओळ होती. सदर महिला आमच्याकडे अमुक सालापासून हेल्पर या पदावर काम करतात. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"बाई, बायोडाटा तुम्ही लिहिलाय. कंपनी काय म्हणते ते मला बघावं लागतं. कंपनी म्हणते हेल्पर. हेल्पर मला रोज सकाळी गेटवर उभे असलेले मिळतात."

त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. पाचही जणी तशाच परत आलो.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या तडक आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, मी बाहेर रजेचा अर्ज घेऊन उभी होते. साहेब म्हणत होते, "मस्टरवर हेल्पर आहे. मी दाखल्यावर ऑपरेटर लिहिलं, तर उद्या ह्याच बायका म्हणतील, इतकी वर्षं मग आम्हाला हेल्पर का ठेवलं? कोर्टात जातील."

मॅडम म्हणाल्या, "मग मला कशाला बोलावलंत? एका हाताने मी त्यांना उभं करते आणि दुसऱ्या हाताने तुम्ही बसवता."

"तुम्ही क्लास घ्या, मॅडम. दाखल्याचं माझ्यावर सोडा."

तेव्हा मला नीट समजलं की आमचं सगळं ह्या एका ओळीवर अडलंय. दाखला बदलला तर आम्ही वसाहतीत कुठेही वाइंडिंगला जाऊ शकतो. नाही बदलला तर दहा वर्षं पुसली जाणार, आणि आम्ही पुन्हा कुणाच्या तरी गेटवर सकाळी उभ्या राहणार.

त्याच आठवड्यात दुसऱ्या राज्यातल्या नव्या प्लँटमधून दोन माणसं आली. एक वयस्क, चष्म्याचे, जाड मिशीचे. दुसरे जाड वही घेतलेले इंजिनिअर. आमची मशीनं तिकडे जाणार होती. ती चालवायची कशी हे ह्या दोघांनी पंधरा दिवसांत शिकून जायचं आणि तिकडच्या लोकांना शिकवायचं. सुपरवायझरने दोघांना माझ्या मशीनपाशी आणून बसवलं. "ह्यांच्याकडून शिका. ह्यांच्यासारखा हात कुणाचा नाही," असं तो म्हणाला. हे तो त्यांना सांगत होता. मला दहा वर्षांत कधी म्हणाला नव्हता.

मी त्यांना पेडल दाखवलं. वेढे कसे लावायचे, टोक कसं जोडायचं, टेप कशी मारायची, हे दाखवलं. म्हणजे मशीनच्या पुस्तकात आहे तेवढं. बाकीचं दाखवलं नाही. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी ते कुणाशी बोललेही नव्हते. माझ्या मनाने केलं. दोन दिवस ते दोघं कॉइली करत राहिले. निम्म्यांची तार तुटली, उरलेल्या फुगल्या. चष्मेवाल्यांनी काम ओळखलं होतं, ते माणूस जुनं होतं. ते म्हणाले, "दीदी, आप कुछ छुपा रही हो."

मी हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले.

त्यांनी शेजारच्या मशीनवर विचारलं. पेठचीने माझ्याकडे पाहिलं आणि तिनेही हात मांडीवर ठेवले. मग तिच्या पलीकडचीने. संध्याकाळपर्यंत सगळ्या सेक्शनला समजलं होतं. आमचं रोजचं काम आम्ही करत होतो, मोजून मापून पूर्ण. फक्त शिकवत नव्हतो.

साहेब आले. "हे काय चाललंय? शिकवणार नसाल तर क्लास बंद. आणि मग कसलाच दाखला मिळणार नाही, सांगून ठेवतो."

पेठची उभी राहिली. "साहेब, आम्ही काय शिकवणार? हेल्परला काय येतंय? शिकवायचं तर ऑपरेटरला सांगा. प्रेसवर हायेत बघा."

साहेबांचे कान लाल झाले. ते निघून गेले. आम्ही मात्र तेव्हा हसलो नाही. आम्हाला भीती वाटत होती. माझी लेक तेव्हा आठवीत होती, पेठचीच्या घरात मिळवणारी ती एकटी. चार महिन्यांतले दोन गेले होते.

तीन दिवसांनी साहेबांनी मला एकटीला बोलावलं. खुर्चीवर बसायला सांगितलं. पहिल्यांदाच मी त्या खुर्चीवर बसले. त्यांनी एक पाकीट पुढे सरकवलं.

"तुमचं काम वेगळं आहे, बाई. ते मला माहीत आहे. हा तुमचा दाखला. अंबडला आता कुणी नाही म्हणणार नाही. त्या दोघांना नीट शिकवा. आणि हे कुणाला दाखवू नका."

मी पाकीट घेतलं. ते लपवत नाही. मी ते घेतलं, पदराखाली धरलं आणि घरी नेलं. दाखल्यात लिहिलं होतं की ह्या कॉइल वाइंडिंगचं कुशल काम स्वतंत्रपणे करतात, नवीन माल तपासतात आणि इतरांना शिकवतात. खाली सही आणि गोल शिक्का. मी तो तीन वेळा वाचला आणि मला फार आनंद झाला, तोही लपवत नाही. नवऱ्याने वाचला. म्हणाला, "मुकाट्याने घे. तुझं झालं ना? बाकीच्यांचं तू कशाला बघतेस?" त्याला वाईट म्हणता येत नाही. तो ओझरला एका कॅन्टीनमध्ये कामाला होता आणि त्यालाही तिथून कधी काढतील याचा भरवसा नव्हता.

सकाळी पेठची नेहमीप्रमाणे वळणावर उभी होती. चालता चालता ती म्हणाली, "मी द्राक्षाच्या बागेत जाईन म्हणते. पेट्या भराया बाया लागत्यात. तुझी काय काळजी नाय. तुझ्या हाताला कुणीपण घेईल, आज ना उद्या." अगदी सहज म्हणाली, मनात काही न ठेवता. मी तिला चार वर्षं शिकवलं होतं. शेवटी शेवटी तिची कॉइल आणि माझी कॉइल मलाही वेगळी ओळखू येत नव्हती. आणि ती पेट्या भरायला जाणार होती.

सेक्शनमध्ये गेल्यावर मी पाकिटातून दाखला काढला. कॉइलला मारतो ती पिवळी टेप घेतली आणि दाखला माझ्या मशीनच्या समोरच्या पत्र्यावर चारी कोपऱ्यांनी चिकटवला. सगळ्यांना दिसेल असा. मग बसले आणि मशीन सुरू केलं. पहिलीच तार तुटली.

एक आली, वाचून गेली. दुसरी आली. मग दहावीवालीने सगळ्यांना ऐकू जाईल असा तो मोठ्याने वाचला. पेठचीला वाचता येत नव्हतं. तिने शिक्क्यावर बोट फिरवलं.

"कवापासून हाय हे तुझ्याजवळ?"

"कालपासून."

"आन् सकाळी मी बागेचं बोलत होते, तर गप चालत व्हतीस?"

"हो."

ती पत्र्याकडे वळली. मग म्हणाली, "टेप नीट लाव. हा कोपरा सुटतोय." आणि तिनेच तो दाबून बसवला.

तासाभरात मला केबिनमध्ये बोलावणं आलं. ह्या वेळी खुर्ची नव्हती. साहेब म्हणाले, "मी तुमच्यावर विश्वास ठेवला आणि तुम्ही मशीनवर लावलंत?"

माझ्या तोंडून तेव्हा जे निघालं ते कसं निघालं मला माहीत नाही. घरी येऊन सुचलेलं नव्हतं, तिथेच निघालं. मी म्हटलं, "साहेब, माझी कॉइल आणि त्यांची कॉइल तुम्ही एकाच खोक्यात भरून पाठवता. तेव्हा वेगळी काढत नाही."

मी परत येऊन मशीनवर बसले.

पुढचं मॅडमनी जमवलं. त्या हेड ऑफिसशी बोलल्या. कंपनीने एका बाईला सही-शिक्क्याने लिहून दिलंय आणि बाकीच्या बावीस जणी तेच काम करतात हे सगळ्या सेक्शनला दिसतंय, तेव्हा आता नाही कसं म्हणणार? मॅडमनी वाट काढली की पद लिहूच नये, काम काय केलं ते लिहावं. नव्या प्लँटची तारीख जवळ आली होती, आणि शेवटची मोठी ऑर्डर आमच्याच हातात अर्धी होती. हेड ऑफिसने चार दिवसांत होकार दिला. तेवीस दाखले टाइप झाले. हातात पडल्यावर दहावीवालीने एकेक वाचून खात्री केली, आणि मगच मी त्या दोघांना बोलावलं.

मग मात्र मी काही राखून ठेवलं नाही. नमद्याचा स्क्रू, थंडीतली रिळं, सगळं दिलं. ओठाचं सांगितलं तेव्हा इंजिनिअरने वहीत लिहून घेतलं. चष्मेवाल्यांनी तार ओठावरून ओढली आणि म्हणाले, "दीदी, मुझे तो कुछ समझ में नहीं आता."

पेठची पलीकडून म्हणाली, "आधी मिशी काढा, भाऊ. तार मिशीत अडकतीय."

दुसऱ्या दिवशी ते खरंच मिशी बारीक करून आले. आणि त्यांना फोड सापडला. इतके खूश झाले की कॅन्टीनमधून सगळ्यांना चहा पाजला.

आता कंपनीला काय मिळालं ते सांगते, कारण ते आम्हाला दिसत होतं. शेवटची ऑर्डर पूर्ण गेली आणि एक खोकंही परत आलं नाही. बंद पडणाऱ्या लाइनवर माणसं कसं काम करतात हे वसाहतीत सगळ्यांना माहीत आहे. आम्ही तसं केलं नाही, कारण त्या मालावर आता आमचाही दाखला उभा होता. तिकडची लाइन ठरल्या दिवशी सुरू झाली. आमच्या समोरच्या रस्त्यावर दुसरी एक कंपनी त्याच वर्षी बंद झाली. तिथे गेटवर महिनोन् महिने धरण्याचा मांडव होता, काचा फुटल्या, आणि माल आतच अडकून राहिला. आमच्या गेटवर शेवटच्या दिवशी पोहे होते. प्रेसवरचे पुरुष आमची लाइन बंद होणार हे कळलं तेव्हा दुसरीकडे अर्ज करायला लागले होते. आम्हाला कसं पाठवलं ते बघून ते थांबले. हे सगळं साहेबांना फुकट मिळालं असं नाही, पण टाइप केलेल्या तेवीस कागदांच्या मोलात मिळालं.

शेवटच्या दिवशी साहेबांनी अजून एक पत्र आणलं. ते हेड ऑफिसला पाठवायचं होतं. आम्ही सर्व महिला कामगार कंपनीच्या ऋणी आहोत, कंपनीने केलेले उपकार विसरणार नाही, वगैरे. खाली तेवीस सह्यांच्या जागा. पहिली सही माझ्याकडे मागितली, का ते मला माहीत होतं, मी केली की बाकीच्या करतील. मी पेन घेतलं. 'ऋणी आहोत' वर रेघ मारली, 'उपकार' वरही मारली, आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं: "आम्ही काम नीट केले व पुढच्यांना शिकवले. कंपनीने आमच्या कामाचा खरा दाखला दिला." त्याखाली सही केली. बाकीच्यांनी माझ्या खाली केल्या. पेठचीने अंगठा उठवला.

साहेब पत्र बघत म्हणाले, "हे आता हेड ऑफिसला कसं पाठवू?"

पेठची म्हणाली, "पोष्टानं."

तेवीसपैकी सोळा जणींना वाइंडिंगचंच काम मिळालं, कुणाला अंबडला, कुणाला सिन्नरला. दोघी वयाने मोठ्या होत्या, त्यांना कुणी घेतलं नाही. दाखला असूनही घेतलं नाही, हेही लिहून ठेवते. बाकीच्या आपापल्या घरी राहिल्या. मी अंबडच्या त्याच साहेबांकडे गेले. त्यांनी दाखला वाचला, मला मशीनवर बसवलं, दहा कॉइली करायला लावल्या आणि मीटरवर स्वतः तपासल्या. तिथल्या मस्टरवर माझ्या नावापुढे ऑपरेटर लिहिलं गेलं.

दोन-तीन वर्षांनी आमच्या जुन्या कंपनीने सातपूरला पुन्हा एक लहान वाइंडिंग लाइन काढली आणि आमच्यापैकी कोण येईल म्हणून निरोप धाडला. नव्या बायकांना शिकवण्यात वर्ष घालवायचं नव्हतं त्यांना. कडू बोलून पाठवलं असतं तर कुणी फिरकलं नसतं. आठ जणी गेल्या. मी गेले नाही, माझं बरं चाललं होतं. पेठची मात्र गेली, तिला ते घरापासून जवळ होतं.

जायच्या दिवशी ती मला बरोबर घेऊन गेली. गेटवर तिला नेमणुकीचं पत्र मिळालं. वॉचमन म्हणाला, "चला ताई, आत चला, उशीर होतोय."

ती जागची हलली नाही. पत्र माझ्या हातात देऊन म्हणाली, "वाच. पद काय लिव्हलंय ते आधी वाच. मग मी पाय टाकीन."

मी वाचलं.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "ह्यालापण ऐकू येऊ दे."

मी गेटवर उभी राहून मोठ्याने वाचलं, "वाइंडिंग ऑपरेटर." तिने पत्र घडी करून कमरेला खोचलं आणि ती आत गेली.